बडोद्याचा समुद्र बघायला

कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आहे. बडोद्यात वाढलेल्या प्रत्येक मुलाने तो मान वर करून बघितलेला असतो. १९४४ साली महीच्या मुखातून आत वाहून आलेला निळा देवमासा. लहानपणी मला त्याच्या आकारापेक्षा दुसरंच नवल वाटायचं. आपल्या गावाला समुद्रच नाही, मग हा आला कुठून?

घरातही एक कोडं होतं. आमच्या देवघरातला शंख आजोबांनी बेट द्वारकेहून आणलेला. आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत, काही वर्षं ओखामंडळात जकातीवर कारकून. द्वारका, बेट, ओखा हा सगळा मुलूख तेव्हा बडोदा संस्थानात मोडायचा, हे मला ठाऊक होतं, पण त्यातून पुढे काही सुचलं नव्हतं. ते सुचवलं भाचीने. ती वेरावळला मत्स्यविज्ञान शिकते. नाताळच्या सुट्टीत घरी आली तेव्हा तिने सांगितलं की सयाजीराव महाराजांच्या सरकारने १९०५-०६ मध्ये जेम्स हॉर्नेल या सागरी प्राण्यांच्या अभ्यासकाकडून ओखामंडळच्या समुद्राची पाहणी करून घेतली होती, आणि तिचा अहवाल १९०९ आणि १९१६ असा दोन भागांत छापला होता. मोती, शंख, शिंपले, काय आहे आणि त्याचं काय करता येईल, सगळं.

"समुद्र होता ने मामा आपल्याला," ती म्हणाली. "तुझे आजोबा तर त्याच्यावर पगार घ्यायचे."

मग ठरलं. तिला वेरावळला सोडायचं निमित्त करून किनारा बघत बघत थेट ओख्यापर्यंत जायचं. सहा दिवस. हिने अट घातली, सोमनाथ आणि द्वारका होणार असेल तरच येते. भाचीचीही अट होती. पौष पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या सकाळी आपण नराऱ्याला, म्हणजे कच्छच्या आखातातल्या सागरी उद्यानात, असलो पाहिजे, कारण उधाणाच्या दिवसांत ओहोटीही सगळ्यात खोल जाते. त्या पौर्णिमेपासून उलटं मोजत आम्ही निघायचा दिवस काढला.

पहिला दिवस : भाडभूत, मग आखातापार

सकाळी साडेपाचला दांडिया बाजारातून निघालो. डब्यात थेपले, लसणाची चटणी आणि तिळाच्या वड्या, कारण उत्तरायण जवळ आलं होतं आणि आमच्याकडे तीळ डिसेंबरातच सुरू होतात.

भरूचच्या खाली नर्मदेकाठी भाडभूत आहे. पाला, म्हणजे बंगाली लोक ज्याला हिलसा म्हणून डोक्यावर घेतात तो मासा, इथला. आम्ही कायस्थ, पाला आमच्या घरात काट्यांच्या धाकासकट लाडका. तो राहतो समुद्रात, पण अंडी घालायला पावसाळ्यात नदीच्या गोड्या पाण्यात वर चढतो. त्यामुळे त्याचं सगळं गणित नदीच्या हाती. वर धरण झालं, पाणी कमी उतरू लागलं, तसं समुद्राचं खारं पाणी आत आत सरकत गेलं. आता ते खारं पाणी अडवायला आणि गोडं पाणी साठवायला भाडभूतजवळच नदीवर आडवा बराज घेतला आहे.

काठावर एक म्हातारे मच्छीमार उलट्या घातलेल्या होडीवर बसून जाळं सांधत होते. मी पाल्याबद्दल विचारलं. मान वर न करता गुजरातीत म्हणाले, "तो पावसात येतो. तुम्ही थंडीत आलात." थोड्या वेळाने स्वतःहूनच बोलले. नदीला दार लागलं की माशाने उघडायला सांगायचं कोणाला? बराज नको असं त्यांचं म्हणणं नव्हतं. गावातल्या विहिरी खाऱ्या झाल्यात, हेही त्यांनीच सांगितलं. मला वाटलं होतं, एक बाजू घेऊन परत येता येईल. तसं काही जमलं नाही.

भाचीने परतताना सांगितलं की ह्या मुखाचा, पाल्याचा अभ्यास करणारं केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेचं एक केंद्र बडोद्यातच आहे. चाळीस वर्षं त्या शहरात नोकरी केली, कधी कानावर आलं नाही.

हजीऱ्याहून गाडीसकट बोटीत चढलो. ही हजीरा-घोघा फेरी २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झाली. रस्त्याने पावणेचारशे किलोमीटरचा वळसा पडतो, इथे नव्वदेक किलोमीटर पाणी ओलांडलं की झालं. चारेक तास. खंभातच्या आखाताचं पाणी निळं वगैरे नाही, उकळलेल्या चहाच्या रंगाचं. भावनगरकडे उधाणाच्या भरती-ओहोटीत दहा मीटरहून जास्त फरक पडतो, म्हणजे तीन मजले. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर होतं, गाळ खाली बसणार कधी? डेकवर लोक कुरव पक्ष्यांना वेफर्स टाकत होते आणि वेफर्स संपले की पिशवीही टाकत होते. एकाला मी टोकलं. त्याने पिशवी खिशात घातली आणि माझी पाठ वळल्यावर टाकली, असं हिने रात्री भावनगरला जेवताना सांगितलं.

दुसरा दिवस : जाफराबाद

तळाजा, महुवा, राजुला. मोठ्या रस्त्यावरून जाफराबादकडे वळलं की कोणाला पत्ता विचारावा लागत नाही, वास पुढे येऊन हात धरतो.

बोंबील. पुरुषभर उंच वलांड्या, बांबू आणि दोर, रांगाच्या रांगा. लांबून धुतलेले पडदे वाळत घातल्यासारखं दिसतं. जवळ गेल्यावर कळलं की बोंबील दोराला बांधलेले नाहीत, टांगलेलेही नाहीत. एक बाई पाटीतून दोन बोंबील उचलायची, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायची आणि जोडी दोरावर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. बोंबलाचे दात आत वळलेले, म्हणून पकड सुटत नाही. बघेपर्यंत तिने वावभर दोर भरला. मला एक जोडी लावू दिली. माझी सुटून वाळूत पडली. ती हसली, उचलून पुसली आणि परत लावली.

हे बोंबील डोल जाळ्यात येतात. वसई-अर्नाळ्याकडची मंडळी डोल ओळखतील. समुद्रात रोवून ठेवलेली लांबच लांब पिशवी, तोंड मोठं, शेपटाकडे निमुळती. ती ओढत न्यायची नाही, भरती-ओहोटीचा ओढच मासळी आत घेऊन येतो. इंजिनाने तळ खरवडणाऱ्या जाळ्यापेक्षा हे सोज्वळ, असं मी म्हणालो. भाची म्हणाली, "तळासाठी सोज्वळ. पिल्लांसाठी नाही." डोलीच्या शेपटाला आस अगदी बारीक असते. आस म्हणजे जाळ्याचं एक भोक. बोंबील अंगाने मऊ आणि सडपातळ, त्याला धरायचं तर आस बारीकच हवी, आणि बारीक आसातून पापलेटची, घोळीची बोटभर पिल्लंही सुटत नाहीत.

बोंबील भरभर वाढतो, आयुष्य थोडं, त्यामुळे तो पकडीतून लवकर सावरतो. पापलेटचं तसं नाही. एकच जाळं एकाला सोसतं, दुसऱ्याला नाही. उष्ण समुद्राची ही खरी अडचण, तिने गाडीत समजावलं. थंड देशांत एका जाळ्यात दोन-चार जातींचे मासे येतात, त्यांचा वर्षाचा कोटा बांधून देता येतो. आपल्याकडे एका ओढीत पन्नास जाती निघतात. कोटा कोणाचा बांधणार?

१७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते वादळ ह्याच पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. त्या बाईने हाताने दाखवलं, बोटी अशा एकावर एक चढल्या होत्या, बुटांच्या ढिगासारख्या. एवढंच, आणि परत जोड्या लावायला लागली.

हिने अर्धा किलो सुके बोंबील घेतले. तीन पिशव्यांत गुंडाळले, तरी गाडीला त्यांचा वास द्वारकेपर्यंत पुरला. दुसऱ्या दिवशी सोमनाथच्या पार्किंगमध्ये काचा बंद ठेवाव्या की उघड्या, ह्यावर आमचा बराच वेळ गेला.

तिसरा दिवस : वेरावळ

पहाटे सहाला बंदरावर. बोटी इतक्या दाटीने उभ्या की पाय भिजू न देता ह्या काठावरून त्या काठावर जाता येईल. लाकडी ट्रॉलर, निळा-हिरवा-भगवा रंग, नाळेवर लिंबू-मिरची. पलीकडे उघड्यावर नव्या बोटींचे सांगाडे उभे होते, लाकडी फासळ्या. मला म्युझियम आठवलं.

भाचीने तिच्या ओळखीच्या एका तांडेलाची, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याची, बोट गाठून दिली. जातीने खारवा, पन्नाशीचा. पंधरा दिवसांनी रात्री परतला होता. खलाशी बर्फाच्या खणातून मासळी फावड्याने काढत होते. वाकट्या, चांदीच्या पट्ट्यासारख्या, त्या बहुतेक चीनकडे जातात. राणी मासा, चोर बोंबील, धोमे, त्यांतले बरेच इथल्या कारखान्यांत लगदा होऊन परदेशी जातात. माकुल वेगळे, त्यांना भाव. एक घोळ निघाली, तेव्हा सगळ्यांचे आवाज बदलले. नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातने तिला राज्यमासा केलं. पण तिचा मान मांसापेक्षा पोटातल्या हवेच्या पिशवीला, बोताला. सुकवलेलं बोत सोन्यासारखं जपून बाहेरदेशी जातं. पोट चिरायचं काम खलाशाला दिलं नाही, तांडेलाने स्वतः केलं. घोळ मादी नव्हती म्हणून तो खूश होता, नराचं बोत जास्त भावाचं.

सगळ्यात शेवटी जे निघालं ते खलाशांनी मोजलंही नाही, पाट्यांनी उपसून बाजूला ढीग केला. हा माल सुकवून भुकटीला जातो, कोंबड्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात. ढीग म्हणजे करडा चिखल वाटत होता. भाची उकिडवी बसली, एक ओंजळ उचलून टाइलवर पसरली आणि बोटाने एकेक वेगळं करायला लागली. चिखलाची मासळी झाली. बुटाच्या नाडीएवढी वाकटी. नखाएवढे खेकडे. करंगळीएवढी राणी. आणि एक पापलेट, जुन्या रुपयापेक्षा थोडं मोठं, शेपटीसकट सगळं पुरं, डोळा मोठा, अंगावर चंदेरी वर्ख अजून शाबूत. तिने खिशातून सहा इंची फूटपट्टी काढून शेजारी ठेवली. पाच सेंटिमीटरही भरेना.

"महाराष्ट्राने २०२३ मध्ये चोपन्न जातींना आकार ठरवून दिलाय," ती म्हणाली. "पापलेट एकशे पस्तीस मिलिमीटरच्या आत धरायचं नाही. केरळने त्याच्याआधीच केलं होतं." त्याच वर्षी महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं, ते कमी होत चाललंय म्हणून. म्हणजे शेजारशेजारच्या दोन राज्यांनी दोन-तीन महिन्यांच्या अंतराने आपापल्या संकटातल्या माशाला पदवी दिली.

मग जाळं. गुजरातच्या कायद्याप्रमाणे ट्रॉलच्या शेपटाला चाळीस मिलिमीटरची चौकोनी आस हवी. चौकोनी कशाला, हे मला कळेना. तिने गाडीतून मोसंब्यांची लाल जाळीची पिशवी आणली, मोसंबी हिच्या पदरात ओतली आणि पिशवी दोन टोकांना धरून ताणली. आस शंकरपाळ्याची. ताण पडला की शंकरपाळ्या मिटल्या, पिशवीचा दोर झाला. "पाण्यात हेच होतं. आस चाळीसची असो की साठची, वजन पडलं की मिटते. मोठ्या आसाचं जाळं लावूनही पिल्लू आत राहतं." मग तीच पिशवी तिरकी फिरवून धरली, आता दोऱ्या उभ्या-आडव्या. ताणलं तरी भोकं उघडीच. इथल्याच केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेच्या केंद्रातल्या लोकांनी ही चौकोनी आस बोटींवर लावून दाखवली आहे. जाळं पंचेचाळीस अंशांनी फिरवून धरायचं, एवढाच फरक. मी ती पिशवी दोनदा स्वतः ताणून बघितली. खलाशी हसत होते.

तांडेलही बघत होता. "आहे ने आमच्याकडे ते जाळं," तो म्हणाला. "आत ठेवलंय." का ठेवलंय, हे त्याने बोटांवर मोजून सांगितलं. डिझेल, बर्फ, राशन, खलाश्यांची उचल. पूर्वी चार-पाच दिवसांत खण भरायचा, आता पंधरा लागतात. पहिल्या दहा दिवसांतली बारीक मासळी ते परत पाण्यात टाकतात, मेलेलीच, कारण खणात जागा आणि बर्फ चांगल्या मालाला हवा. शेवटच्या दिवसांतली बारीक तेवढी घरी येते. भुकटीवाला तिच्यावर डिझेलचा एक हिस्सा काढून देतो. "तो विकत घ्यायचा थांबला तर आम्ही आणायचे थांबू. मोठी आस मी एकट्याने लावली तर माझ्या जाळ्यातून सुटलेलं शेजारच्याच्या जाळ्यात जाईल."

ह्याला उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि भाचीकडे असलं तरी ती गप्प राहिली. मला तो चुकीचा वाटत नव्हता, ही खरी पंचाईत.

राज्याचा हुकूम बारा सागरी मैलांपर्यंत चालतो, त्याच्यापुढे दोनशे मैलांपर्यंत केंद्राचा. दिवे लावून मासे गोळा करणं आणि दोन बोटींमध्ये एक जाळं ओढणं केंद्राने २०१७ पासून बंद केलं आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस, यांत्रिक बोटी बंद. सगळीच मासळी पावसाळ्यात विणीला येते असं नाही, पण ही बंदी मात्र पाळली जाते. कारण विचारल्यावर तांडेल म्हणाला, "तेव्हा समुद्र कुठे जाऊ देतो?" जुने लोक नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतच होते. सरकारने आधीपासूनच असलेल्या रिवाजाला तारखा लावल्या.

चहा घेताना त्याने व्हालीची गोष्ट सांगितली. पोटात काही न ठेवता सांगितली, म्हणून मला जास्त आवडली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तो स्वतः ती मारायला जायचा. व्हेल शार्क, बसएवढा मोठा, ठिपक्याठिपक्यांचा, माणसाला काही न करणारा. त्याला तेव्हा नावच बॅरल होतं, गळाला पिंपं बांधून दमवायचे म्हणून. काळजाचं तेल बोटीला लावायला, मांस परदेशी. २००१ मध्ये सरकारने वन्यजीव कायद्यात तो पहिल्या परिशिष्टात घातला, कुठल्याही माशाच्या आधी. कायदा कागदावर आला. किनाऱ्यावर तो उतरला तीनेक वर्षांनी, २००४ मध्ये, जेव्हा रामकथा सांगणाऱ्या मोरारीबापूंनी कथेतून सांगितलं की ही बाळंतपणाला माहेरी येणारी लेक आहे, तिला मारायचं नाही. नाव बदललं, व्हाली झाली, म्हणजे लाडकी. आणि वनखात्याने कापलेल्या जाळ्याची भरपाई देऊ केली. त्यानंतर ह्या किनाऱ्यावर शेकडो व्हाली मच्छीमारांनी जाळं कापून सोडल्या. ह्यानेही दोन. दुसऱ्या वेळचा फोटो मोबाइलमध्ये होता. हिरव्या पाण्यात ठिपक्यांची पाठ, कडेला ह्याच्या हातात कोयता.

मी हिशेब करत राहिलो. लेकीची उपमा एकट्याने चालली असती का? की भरपाई एकट्याने? आणि बोटभर पापलेटला कोणाची उपमा देणार?

चौथा दिवस : नुसता रस्ता

सोमनाथ झालं. भाचीला तिच्या वसतिगृहात सोडायचं होतं, पण ती म्हणाली, कॉलेज सोमवारी, आणि परत गाडीत बसली. खरं म्हणजे मामा एकटा नराऱ्याला काय बघणार, असं तिला वाटत असावं.

माधवपूरला वनखात्याचं कासवांचं केंद्र आहे. वाळूत कुंपण, पुरलेल्या अंड्यांवर तारखांच्या पाट्या. आतलं काही दिसलं नाही, दिसायचंही नसतं. समोरच्या रस्त्यावर नारळपाणी मात्र उत्तम.

पोरबंदर ओलांडून, आत वळून जामनगर. रात्री उशीर. त्या दिवशी पौर्णिमा होऊन एक दिवस झाला होता.

पाचवा दिवस : नरारा, मग बेट

वाडीनारजवळ नरारा. कच्छच्या आखातातलं हे सागरी राष्ट्रीय उद्यान देशातलं पहिलं, अभयारण्य १९८० ला आणि राष्ट्रीय उद्यान १९८२ ला जाहीर झालं. बेचाळीस बेटं त्यात येतात. वनखात्याचा परवाना भाचीने आधीच काढला होता. बूट घालून या, असं तिने चारदा सांगितलं होतं आणि मी सँडल घालून गेलो होतो.

सकाळी आठच्या सुमारास पाणी सगळ्यात खाली. एक-दीड किलोमीटर समुद्र मागे सरलेला, मध्ये गुडघ्याएवढी डबकी. अलीकडे चेरची झाडी, म्हणजे आपल्याकडची तिवरं, मुळांच्या काड्या चिखलातून वर. गाइड काठी टेकत पुढे, आम्ही त्याच्या पावलांवर पाऊल टाकत. शंभर पावलांवर कालवाच्या धारेने माझा अंगठा कापला. हिने काही म्हटलं नाही, नुसतं बघितलं.

प्रवाळ म्हणजे टीव्हीवरची रंगीबेरंगी बाग, ही समजूत इथे घरी ठेवून यायची. इथलं प्रवाळ मातकट, हिरवट. गढूळ पाणी, जास्तीचा खारटपणा, उन्हाळ्याची भट्टी, सगळं सोसून उरलेलं. मेंदूसारख्या वळ्या असलेला एक गोटा होता. गाइड म्हणाला, हात लावू नका, वाकून बघा. वाकून बघितलं तर वळ्यांच्या कडेने बारीक झालर आतबाहेर होत होती. मी त्याला इतका वेळ दगड समजत होतो. शेजारच्या खडकाखालून ऑक्टोपस निघाला, वाळूवर आला की वाळूचा, शेवाळावर गेला की शेवाळाचा. आम्ही दोघंही साठीचे, आणि दोघांच्याही तोंडून एकदमच "अगंबाई" निघालं.

पुढे एका गटाच्या गाइडने फुगामासा हातात घेऊन फुगवून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घाबरतो तेव्हा फुगतो तो. आमच्या गाइडला मी म्हटलं, आपल्याला नको. तो म्हणाला, बरं झालं म्हणालात, नाहीतर लोक पैसे वसूल झाले नाहीत म्हणतात.

एकेकाळी ह्याच आखातातली प्रवाळाची वाळू सिमेंटसाठी उपसली जात होती. आता क्षितिजावर तेलाची जहाजं आणि जेट्ट्या दिसतात. प्रवाळ तोडलं किंवा गाळाखाली गेलं तर पिल्लांना लपायला जागा राहत नाही. वेरावळच्या त्या ढिगाचा एक धागा इथून सुरू होतो, हे भाचीने मला डबक्यातल्या इवल्या माशांचा एक थवा दाखवून सांगितलं. खडकाखाली शिरले, काठी उचलली की परत बाहेर.

पाणी परत चढायला लागलं तेव्हा गाइडने घाई केली. पावलांचे ठसे भरताना दिसत होते.

दुपारी ओखा. सुदर्शन सेतूवरून बेटाला गेलो, २०२४ मध्ये पूल झाल्यापासून होडीची गरज राहिली नाही. आजोबांची जकातीची चौकी मला सापडली नाही. कोणाला काय विचारावं हेही सुचेना. बालापूरच्या खाडीत ज्या चपट्या, आरपार दिसणाऱ्या शिंपल्यांमध्ये पूर्वी बारीक मोती शोधायचे, ते शिंपले २००१ पासून संरक्षित यादीत आहेत. हॉर्नेलच्या पाहणीत ते होते. कोकण-गोव्याकडच्या जुन्या खिडक्यांच्या तावदानांत बसवायचे तेच.

मंदिराच्या वाटेवर शंखांची दुकानं. हिने एक कानाला लावून बघितला, वाजवून बघितला, आणि विचारलं, हा इथलाच ने? दुकानदार प्रामाणिक निघाला. "नाही माजी. रामेश्वरकडून येतात. इथले कुठे राहिले?" आम्ही घेतला नाही.

संध्याकाळी ओख्याच्या धक्क्यावर बसलो. इथून पाकिस्तानची सागरी हद्द लांब नाही. पाण्यावर रेघ नसते, आणि जवळची मासळी कमी झाली की बोट रेघेकडे सरकते. ह्या किनाऱ्यावरचे किती तरी खलाशी पलीकडच्या तुरुंगांत वर्षं काढून येतात. एका होडीच्या फळीवर खडूने मुलांच्या खेळाचा हिशेब लिहिलेला होता, कोण जिंकलं, कोण हरलं.

सहावा दिवस : घरी

द्वारकाधीशाची मंगला आरती, मग साडेपाचशे किलोमीटर. भाची जामनगरला बसमध्ये बसली आणि बसताना फूटपट्टी माझ्या खिशात सारून गेली. राजकोटनंतर मला काही आठवत नाही, हिने गाडी चालवली.

पुढच्या रविवारी आमच्या गल्लीत नेहमीची मासळीवाली आली. पाटीत पापलेटं होती, तळहाताएवढीही नाहीत. मी पट्टी आणून एक मोजलं. एकशे वीस. दुसरं, एकशे पंधरा. ती कमरेवर हात ठेवून बघत होती.

"काका, काय कपडे शिवायचेत का त्याला?"

मी तिला तांडेल, मोसंब्यांची पिशवी, एकशे पस्तीस, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग हिच्याकडे वळून म्हणाली, "गेल्या महिन्यात मी मोठं आणलं होतं ने ताई? तुम्हीच म्हणालात, एवढं नको, ताटात अख्खं मावेल असं आण."

हिने माझ्याकडे बघितलं नाही. आतून जाफराबादचे बोंबील आणायला निघून गेली.